एका ओळीत दोन माणसं

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार. ठिकाण सोलापूर स्टेशन. रक्कम दरमहा एक रुपया. हजर माणसं सहा: माझे वडील अप्पा, थोरला भाऊ दादा, वहिनी, माझी बायको सुमन, सहा वर्षांची मुलगी नंदा आणि मी.

रुपयाचा खुलासा आधी करतो, कारण त्या दिवशी फलाटावर तोच विषय चालला होता. मी बोटीवर चीफ इंजिनियर होतो. बोट मालवाहू, पण त्या हंगामापुरती नौदलाने भाड्याने घेतली होती. समुद्राचा तळ मोजायचा आणि नकाशावर जिथे आकडे नाहीत तिथे ते भरायचे, असं काम होतं. वरचा सगळा कारभार नौदलाच्या कमांडरकडे, खालचं इंजिन आणि बाकीचे खलाशी आमचे. नौदलाच्या जहाजावर बायकामुलं राहत नाहीत. आमच्या व्यापारी बोटींवर अधिकाऱ्यांना बायको-मूल बरोबर नेता येत असे. या बोटीवर काय करायचं, हा प्रश्न पडला तेव्हा वरून उत्तर आलं की एक हंगाम करून बघा. हंगाम संपला की कमांडरसाहेबांनी कळवायचं होतं, अशा जहाजांवर कुटुंबं असावीत की नसावीत. आता, बोटीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव नोकरीच्या करारात असावं लागतं. म्हणून कुटुंबातल्या माणसालाही नोकर दाखवायचं, पगार नावापुरता महिना एक रुपया.

दादा मिलमध्ये जॉबर, खात्यावर माणसं लावणारा. त्याला हे मी एकदा सांगितलं होतं आणि ती चूकच झाली.

"एका रुपयाच्या नोकरीला बायकोपोर घेऊन निघाला बघा आमचा साहेब," तो वहिनीला म्हणाला. "जेवण धरून का रुपयातनं कापणार रे, वसंता?"

"जेवण धरून," मी म्हणालो.

"मग बरं हाय की. हितं मिलमध्ये तेवढंबी मिळंना झालंय."

वहिनीने शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीची चवड सुमनच्या हातात दिली आणि हसतहसतच डोळे पुसले. गाडी सुटायला सात मिनिटं होती. मग दादाचा आवाज उतरला. "खरं सांगू का? लढाईवाल्यांच्या जहाजावर लेकरू न्यायचं काम न्हाय. तितं काय झालं तर पळायचं कुटं?"

सुमन माढ्याकडची. थोरल्या दिरापुढे ती एरवी बोलत नसे. त्या दिवशी डब्यात चढता चढता म्हणाली, "भावजी, हितं तरी कुटं पळालो आमी?"

ती कशाबद्दल बोलत होती, ते सहाही जणांना ठाऊक होतं. आमच्या सोलापूरच्या चाळीतल्या जुन्या मंडळींनाही ठाऊक आहे. नव्यांसाठी लिहितो. नंदाच्या आधी आम्हाला एक मुलगा होता, बाळू. १९६९ सालच्या पावसाळ्यात तो तीन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. सोलापूरच्या घरात, घरच्या अंथरुणावर, आजोबा-काका-काकू उशाशी असताना गेला. मी तेव्हा परदेशातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून बसलेल्या बोटीवर होतो. तार मला अकराव्या दिवशी मिळाली. तारेत चार शब्द होते. सुमनने पुढे पाच वर्षं मला काही म्हटलं नाही, पण या बोटीवर कुटुंब चालतं असं कळलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आता मी मागं ऱ्हाणार न्हाय."

गाडी हलली तेव्हा अप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालले. अप्पांनी मिलच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. मी इंजिनाकडे वळलो तो त्यांच्या बॉयलरपाशी डबा पोचवता पोचवता. ते मला म्हणाले, "आधी माणसं मोज, मग वाफ सोड." ही त्यांची जुनीच सूचना. मी मान हलवली. दर खेपेला हलवतो तशी.

२१ नोव्हेंबरला मुंबईत कराराच्या कचेरीत सह्या झाल्या. तिथल्या कारकुनाने माझ्या कुटुंबाची नोंद एका ओळीत केली: "सौ. सुमन व मुलगी. दरमहा रु. १." मी म्हणालो, माणसं दोन आहेत. तो म्हणाला, "साहेब, रुपया एकच आहे. दोन ओळी कशाला? लग्नाच्या आहेराच्या वहीत नाही का आपण लिहीत, 'सहकुटुंब' म्हणून?" मला ते पटलं. रेशनकार्डावर, आहेराच्या वहीत, वर्गणीच्या पावतीवर आपण असंच लिहितो. बाईच्या नावाला लेकरू जोडलेलं असतं. मी सही केली.

त्याच संध्याकाळी मी बोटीवरची हजेरीची यादी तयार केली. आग लागली, बोट बुडू लागली, तर कोणी कुठल्या होडीपाशी उभं राहायचं त्याची ही यादी असते. ती माझ्याकडे आली कारण आकड्यांचं काम नेहमीच माझ्याकडे येतं. कारकुनाची नोंद समोर ठेवून मी ती ओळीने उतरवली. नौदलाची माणसं चोवीस, आमची चौतीस, बायका तीन. एकूण ओळी एकसष्ट. खाली मी लिहिलं, एकूण एकसष्ट. दोनदा तपासलं. बेरीज बरोबर होती.

पहिले तीन महिने चांगले गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमची खोली अकरा फूट बाय नऊ फूट, चाळीतल्या खोलीपेक्षा दोन फुटांनी लहान, पण भिंतीपलीकडे भांडणारं कोणी नव्हतं. बोट चाळीस मैल सरळ जायची, वळायची, अर्धा मैल बाजूला सरकून चाळीस मैल परत यायची. दिवसचे दिवस हेच. दोन दिवस सुमनने बघितलं आणि म्हणाली, "अवो, ही तर नांगरट हाय की. पीक कवा यायचं?" हे मी जेवताना कमांडरसाहेबांना हिंदीत सांगितलं. एरवी ते तोलून हसत, त्या दिवशी ताटावरून हात काढून हसले.

नंदा आकडे शिकली ती समुद्राच्या खोलीवर. सकाळी उठली की विचारायची, "आज किती खोल?" मी सांगायचो, ती पाटीवर लिहायची. एकदा अठराशे वावं, म्हणजे जवळजवळ अकरा हजार फूट, असा आकडा आला तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आपली चाळ किती वेळा?" मी हिशेब करून दिला. सोलापूरला पत्र गेलं त्यात तिने दादाला तेच कळवलं. दादाचं उत्तर आलं: "चाळ बुडवू नकोस, भाडं भरलेलं आहे."

बोटीवरच्या तीन बायकांपैकी सुमनची सोबतीण लीला, वायरलेस ऑफिसरची बायको, केरळची. दोघींची हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे जमलं. लीलाच्या लग्नाला चार वर्षं झालेली, बोटीवर येईपर्यंत त्यातले आठ महिने ती नवऱ्याबरोबर राहिली होती. ते आठ महिनेही जोडून नव्हते. हा आकडा तिनेच मला सांगितला होता. नंदा दुपारी तिच्याकडे चित्रं काढायला जायची. आणखी एक माणूस ज्याचं नाव घ्यायला हवं ते महमदचाचा, इंजिनवरच्या खलाशांचे सारंग, म्हणजे मुकादम. रत्नागिरीकडचे. पंचवीस वर्षं बोटीवर, पाच मुलं, पाचांपैकी एकाच्याही जन्माला घरी नव्हते. नंदा त्यांना चाचा म्हणायची आणि ते तिला बेबी.

फेब्रुवारीत मद्रासला बोट पाण्यासाठी लागली तेव्हा सुमनने पाच किलो लाल मिरची घेतली. वहिनीने बरोबर दिलेलं तिखट संपत आलं होतं. सोलापूरच्या उन्हात मिरची दोन दिवसांत कडकडीत होते. समुद्रावर आठ दिवस डेकवर ठेवली तरी मऊच, वर पांढरी बुरशी धरायला लागली. तेव्हा तिने जागा शोधली. इंजिनाची खोली तळापासून चार मजले उंच असते आणि अगदी वर, धुराड्याच्या पायथ्याशी, लोखंडी जाळीची एक माडी असते. तिथे कायम ऊब. खलाशी तिथे ओले कपडे वाळत घालतात. डेकवरून आत जायला एक लोखंडी दार असतं. सुमनने तिथे चादर पसरून मिरच्या घातल्या.

हे नियमात नव्हतं. चीफ इंजिनियर मी होतो, नाही म्हणणं माझं काम होतं. मी म्हणालो, "कपड्यांना चालतं, मग मिरचीला काय." दर दोन तासांनी मिरच्या उलथायच्या. दुपारी चारची पाळी नंदाची. चाराला इंजिनवरची माणसं बदलतात, घंटा होते, म्हणून तिच्या लक्षात राहायचं; घंटेच्या पंधरा मिनिटं आधीच ती वर जाऊन बसायची. पहिले दोन दिवस ती चाचांबरोबर गेली. नंतर एकटी जाऊ लागली. तेही मला माहीत होतं.

२६ फेब्रुवारीला दुपारी तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मुख्य इंजिनाची तेलाची नळी फुटली आणि तेल तापलेल्या धुराच्या नळावर पडलं. मी खालीच होतो. जाळ माणसाच्या उंचीचा होईपर्यंत आम्ही हातातल्या नळकांड्यांनी मारला. मग तो आमच्या उंचीच्या वर गेला. मी सगळ्यांना वर काढलं, इंजिन बंद केलं, पंखे बंद केले. भोंगा चालू झाला. मी हुकूम दिला: इंजिनाची सगळी दारं, सगळी झडपं बाहेरून बंद करा. तीन वाजून चोपन्न मिनिटांनी निरोप आला, दारं सहाच्या सहा बंद.

यापुढे एकच उपाय उरतो. डेकवर एका खोलीत वायूच्या मोठ्या बाटल्या असतात. एक दांडा ओढला की सगळा वायू इंजिनाच्या खोलीत उतरतो आणि आग गुदमरते. माणूस आत असेल तर तोही तसाच गुदमरतो. म्हणून दांडा ओढण्याआधी हजेरी. दोन्ही होड्यांपाशी नावं पुकारली गेली. उजवीकडून एकतीस, डावीकडून तीस. माझ्या हातात यादी, ओळी एकसष्ट, खुणा एकसष्ट. सुमन डाव्या होडीपाशी हजर होती. तिची समजूत, नंदा लीलाकडे. लीला उजव्या होडीपाशी हजर होती. तिची समजूत, नंदा आईकडे. मधे चाळीस पावलांचं अंतर आणि भोंग्याचा आवाज.

कमांडरसाहेबांनी ब्रिजवरून, म्हणजे वरच्या सुकाणूच्या खोलीतून, फोनवर विचारलं, "सगळे बाहेर?"

मी म्हणालो, "सगळे. एकसष्ट."

"ओढा."

मी दांड्यावरची काच फोडली. दांडा हातात धरला. शेजारी महमदचाचा उभे होते. ते म्हणाले, "साब, चार बज रहे हैं."

मला वाटलं, ते वेळ नोंदवायला सांगताहेत. मी घड्याळ बघितलं. तीन सत्तावन्न.

"साब, मिर्ची कौन पलटता है?"

ते मी ऐकलं आणि यादी बघितली. एकोणसाठावी ओळ: सौ. सुमन व मुलगी. पुढे खूण एक.

बाटल्यांच्या खोलीपासून वरच्या दारापर्यंत बावीस पावलं आणि नऊ पायऱ्या. चाचा माझ्यापुढे होते. दाराला चार लोखंडी खिट्ट्या, चारही बाहेरून घट्ट बसवलेल्या. माझ्याच हुकमाने, आत न बघता. बघायला मी सांगितलं नव्हतं. लोखंड तापलेलं होतं. चाचांनी उघड्या हातांनी पहिल्या तीन फिरवल्या, चौथी मी सदरा गुंडाळून फिरवली. दार उघडलं तसा काळा धूर अंगावर आला आणि उंबऱ्याशी पायाला काहीतरी मऊ लागलं.

ती दाराच्या उंबऱ्यापाशी पालथी पडून होती. दाराच्या कडेच्या रबराला एके ठिकाणी चीर होती, दोन बोटांची. ते रबर बदलायचं काम माझ्या वहीत तीन आठवडे पडून होतं. तिने तोंड त्या चिरेला लावलेलं होतं आणि फ्रॉक वर ओढून नाकावर धरला होता. हे तिला कोणी शिकवलं, ते नंतर कळलं. अप्पांनी. चाळीत शेगडी पेटवताना ते तिला सांगत, "धूर झाला की जमिनीशी जायचं आणि फटीला तोंड लावायचं."

चाचांनी तिला उचललं. मी आत वाकून जाळीवर हात फिरवला, आणखी कोणी नाही ना म्हणून. ते माझ्याकडून आधी व्हायला हवं होतं. दार बंद केलं. परत बावीस पावलं. दांडा ओढला तेव्हा घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

आग विझली. पण त्या पाच मिनिटांत ती विजेच्या मुख्य फळीपर्यंत पोचली होती. एकोणीस तास बोट वाऱ्यावर वाहत राहिली. दिवे नाहीत, पंप नाहीत, वायरलेस बॅटरीवर. चाचांच्या दोन्ही तळव्यांची कातडी गेली. नंदा रात्रभर खोकली आणि सकाळी तिने विचारलं, "मिरच्या जळल्या का?"

सुमनने आरडाओरडा केला नाही. नंदा झोपल्यावर तिने यादी मागितली. तिला वाचता येतं. तिने ओळीवर बोट ठेवलं.

"ही कुणी लिवली?"

"मी."

"आन् चुलीवर चादर मी हातरली," ती म्हणाली. आणि कागद परत दिला.

कमांडरसाहेबांना मी लेखी कळवलं: उशीर पाच मिनिटं, कारण मोजणी चुकीची, यादी मी केलेली, शिवाय दार बंद करण्यापूर्वी आत बघण्याचा हुकूम दिला नाही, तोही दोष माझा. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "यादी बरोबर असती तर तुम्ही किती वाजता ओढला असता?" मी म्हणालो, मूल आत आहे हे हजेरी चालू असतानाच तीन पंचावन्नला कळलं असतं, तिला काढून चारला ओढला असता. "आणि मूल बोटीवरच नसतं तर?" तीन सत्तावन्नला. त्यांनी दोन्ही आकडे टिपून घेतले.

मद्रासला दुरुस्तीला चार दिवस लागले. तिथे मी दोन गोष्टी केल्या. कराराच्या कचेरीत जाऊन ओळ फोडून घेतली. १ मार्चपासून कु. नंदा ही स्वतंत्र नोंद, दरमहा रुपया एक. आणि पत्र्याचे बासष्ट बिल्ले कापून घेतले. अप्पांच्या बॉयलरची ही रीत. बॉयलर साफ करायला आत शिरणारा प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला बाहेरच्या खिळ्यावर टांगायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. खिळा रिकामा झाल्याशिवाय अप्पा झाकण लावायचे नाहीत, मॅनेजर समोर उभा राहून ओरडला तरी. बिल्ल्यावर ओळ नसते, डोकं असतं. हे मी आठव्या वर्षापासून बघत होतो आणि बोटीवर कागदावर विसंबलो. मग इंजिनाच्या प्रत्येक दारापाशी खिळे ठोकले. नंदाचा बिल्ला बासष्ट नंबरचा. ती तो गळ्यात घालून झोपायची. त्या दारांच्या आत तिने पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही, पण बोट थोडी जरी जास्त हलली की मी वर येऊन तिला बघून जायचो. खालचं काम सोडून. मे महिन्यापर्यंत असा किती वेळा वर आलो, त्याची नोंद मी ठेवली होती. त्र्याहत्तर वेळा. आग पुन्हा लागली नाही. मला मात्र तीन महिने कान टवकारूनच झोप लागत होती, आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा तो कान मुलीच्या खोकल्याकडे लागलेला असायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात कमांडरसाहेबांनी बोलावलं. त्यांचा अहवाल तयार होता, एक जागा सोडून. "चीफ, तुमचं मत पाहिजे. अशा जहाजावर कुटुंबं राहावीत का? मोठं काही नको. हो किंवा नाही. तुमचं मत मी आहे तसं जोडणार आहे, कारण किंमत तुम्ही मोजलीत."

मी दोन दिवसांची मुदत मागितली. खोलीत येऊन सुमनला सांगितलं.

"व्हय लिवा," ती म्हणाली.

"आग लागली त्या दिवशी तू काय बघितलंस?"

"जे बघितलं ते तुमच्यासंगं बघितलं. बाळू गेला तवा तुमी कुटं हुता?"

मी टोपी खुंटीला अडकवली.

"घरात गेला की तो. चार भिंतीत. डागदर गल्लीत हुता, तरी गेला. तवा दादांनी कुणाला इचारलं का, घरात लेकरं ठिवावी का न्हाय म्हनून? आन् ही आगीतनं वाचली, तर तुमी आमाला खाली उतरवनार."

तिच्या म्हणण्यात मला हिशेबाची चूक काढता आली नाही. आजही येत नाही. पोर घरीही जातं, हे खरं. बाप अकरा दिवसांनी कळण्याच्या अंतरावर असतो, हेही खरं. लीलाचा नवरा त्याच संध्याकाळी माझ्या दाराशी आला, बसला नाही, उभ्यानेच म्हणाला की साहेब, आम्हा दोघांचा विचार करा. चाचांना मी विचारलं. त्यांचे हात तोवर गुलाबी झाले होते, मूठ पुरी वळत नव्हती. ते म्हणाले, "मेरे से मत पूछो साब. मैं तो बोलूँगा बेबी को रखो. मगर मेरी बेबी होती तो नहीं लाता."

मी शेवटी माझ्याच आकड्यांपाशी आलो. तीन सत्तावन्न, चार आणि चार दोन. यादी माझी चूक, ती सुधारता येते, सुधारली. उरलेली तीन मिनिटं कोणाचीच चूक नाही. ती मूल असण्याची आहेत. आणि दांड्यावर हात असलेल्या माणसाने ती तीन मिनिटं बाकीच्या साठ जणांच्या जिवातून घ्यायची. मी घेतली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन, चारऐवजी पाच वाजेपर्यंत घेईन. ज्याच्याबद्दल हे आधीच माहीत आहे त्या माणसाच्या हातात तो दांडा देऊ नये.

मी कागदावर "नाही" लिहिलं, खाली सही केली. मग दुसरा कागद घेऊन माझा राजीनामा लिहिला. कुटुंबाने बोटीवर राहू नये असं ज्याचं मत आहे, त्याने स्वतः बोटीवर राहून त्यांना पाच-पाच वर्षं चाळीत ठेवावं, हे त्याच न्यायात बसत नव्हतं. कमांडरसाहेबांनी दुसरा कागद वाचला. "हा मी मागितला नव्हता," म्हणाले. मी म्हणालो, पहिल्याबरोबरच वाचावा लागेल.

सुमन अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. अकराच का, ते मी विचारलं नाही. बाराव्या दिवशी राजीनाम्याचं तिला कळलं. माझ्याकडून नाही, लीलाकडून. तिने विचारलं, "मग आता खायचं काय?"

सोलापुरात डिझेल इंजिनाच्या माणसाला काम नव्हतं आणि मिलची अवस्था दादा पत्रांतून कळवत होताच. विशाखापट्टणच्या गोदीत एका वर्कशॉपमध्ये जागा मिळाली, पगार निम्म्याहून थोडा कमी. चार वर्षं झाली. नंदा अकरा वर्षांची आहे, शाळेत तेलुगू बोलते, घरी आमच्याशी मराठी, आणि शेजारणीशी भांडताना दोन्ही. दादा, तू मागच्या पत्रात विचारलंस की परत कधी येणार, आणि आता घर म्हणतोस तरी कशाला. म्हणून एवढं लिहिलं. चाळीतून बाहेर पडून इकडेतिकडे गेलेले जे हे वाचतील, त्यांनाही उपयोगी पडेल.

इथल्या क्वार्टरच्या दारामागे तीन खिळे आहेत. बाहेर जाणारा आपला बिल्ला टांगतो, आला की काढतो. शेजारी हसतात. सुमनही हसायची, आता तीच सगळ्यात आधी खिळ्यांकडे बघते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिन्ही खिळे रिकामे असतात. सोलापूरचं ऊन इथे नाही, मिरची इथेही लवकर वाळत नाही, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला आम्ही चार वर्षांत आलेलो नाही आणि बाळूची जागा तिकडेच आहे. तरी तिन्ही खिळे रिकामे दिसले की दिवसाचा हिशेब मला पुरा वाटतो. त्याला घर म्हणायचं असेल तर म्हणा.

लीलाचं एकच पत्र आलं. त्या "नाही"नंतर बायकांची परवानगी बंद झाली. तिचा नवरा पुढच्या हंगामाला एकटा गेला. तिने दोष दिला नव्हता. एवढंच लिहिलं होतं की लग्नाला पाच वर्षं झाली आणि एकत्र राहिलेले महिने आता चौदा आहेत. त्या पत्राचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि टाकलं नाही. तेही इथे लिहून ठेवतो, कारण ते माझ्या नावावर आहे.

२० मे १९७५ रोजी मुंबईत कराराच्या कचेरीत सगळ्यांचा हिशेब झाला. कारकून तोच होता. सौ. सुमन, सहा महिने, रुपये सहा. सही घेतली. कु. नंदा, १ मार्चपासून, रुपये तीन. त्याने शाईचं पॅड पुढे सरकवलं. "बेबीचा अंगठा घेऊ का?" नंदा म्हणाली, मला सही येते. तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनाव रकान्याबाहेर गेलं.

मग तिने विचारलं, हे कशाचे पैसे. मी म्हणालो, बोटीवर हजर असल्याचे. ती जरा वेळ बोटं मोजत होती.

"मी तर आईबरोबरच चढले होते. मग मला तीनच का?"

कारकून म्हणाला, त्याआधी कागदावर तुम्ही नव्हता, बाई.

मी खिशातून तीन रुपये काढले आणि तिला दिले. २१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे, सहा महिन्यांतले उरलेले तीन. कोऱ्या कागदावर पावती करून तिची सही घेतली. ती पावती माझ्याकडे आहे. कंपनीकडून रुपये तीन, वडिलांकडून रुपये तीन, एकूण रुपये सहा, कु. नंदा हिला पोचले.